संगीताची मासिके आणि आपली दप्तरे

गेल्या वर्षी आमच्या देवस्थानच्या वाचनालयाची जुनी खोली पाडावयाचे ठरले, तेव्हा कपाटांतील ग्रंथांची निवड करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. पोथ्या, नाटके, कादंबऱ्या यांची व्यवस्था लावणे कठीण गेले नाही. शेवटी अगदी तळच्या फळीवर कापडी पाठीचे काही बांधीव खंड उरले. कसरीने कडा खाल्लेल्या, पाने पिवळी पडलेली, काहींची मुखपृष्ठे बांधणाऱ्याने काढून टाकलेली. उघडून पाहतो तो संगीतविषयक मासिकांचे जुने अंक. कोणा महाजनाने वर्षानुवर्षे वर्गणी भरून ते आणविले असावेत व नंतर देवळास दिले असावेत.

"काका, हें सगळें आतां मोबायलार मेळटा," समितीतील एक तरुण सभासद सहज म्हणाला व त्याने रद्दीच्या ढिगाकडे बोट दाखविले. हा मुलगा गाण्याच्या घरातला. स्वतः तबला बरा वाजवितो. त्याच्या बोलण्यात तुच्छता मुळीच नव्हती. म्हणूनच ते वाक्य मनात राहिले. जो गाण्याचा वैरी आहे त्याने मासिके रद्दीत घालावीत यात नवल नाही. परंतु गाण्याच्या प्रेमीसही ती निरुपयोगी वाटू लागली असतील, तर त्याचा विचार केला पाहिजे.

आधी त्याच्या म्हणण्यातील सत्य मान्य करू. आमच्या पिढीने एखादी दुर्मिळ ध्वनिमुद्रिका ऐकावयास मिळावी म्हणून कोणाकोणाची आर्जवे केली ते आठवले म्हणजे आजच्या मुलांचा हेवा वाटतो. केरीच्या केसरबाईंच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच. पण त्या आज कोणासही घरबसल्या ऐकता येतात. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत त्यांची भैरवी आहे. त्याच वर्षी बाई निवर्तल्या, व त्यांचा स्वर अंतराळात निघून गेला. आता याहून दूरवर कोणाचे गाणे पोहोचावयाचे?

तथापि ती तबकडी ऐकणाऱ्यास हे कळत नाही, की या बाई लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, पुढे रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकल्या, भास्करबुवा बखल्यांचीही त्यांना तालीम मिळाली, व हे सर्व झाल्यावर त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांपाशी नव्याने आरंभ केला. साडेतीन मिनिटांच्या मुद्रिकेत एका आयुष्याची तालीम उतरलेली असते, पण ती कशी उतरली याची वाट मुद्रिकेत नसते. ही वाट आपणास ठाऊक आहे ती कोणीतरी विचारली, ऐकली, ताडून पाहिली आणि छापली म्हणून. हे विचारण्याचे व छापण्याचे काम आपल्याकडे प्रामुख्याने मासिकांनी केले. 'मोबायलार' जे मिळते त्यापैकी खात्रीचा भाग बव्हंशी त्यांच्याच पानांवरून कोणीतरी उचललेला असतो. मात्र कोणत्या अंकातून उचलला हे त्याने सांगितलेले नसते.

संगीत आणि छापखाना यांचे आपल्याकडे प्रथमपासून फारसे सख्य नव्हते. विद्या मुखोद्गत, गुरूच्या मर्जीवर मिळणारी, घराण्याबाहेर न जाणारी. अशा विद्येचे मासिक काढावयाचे म्हणजे आपल्या दुकानाच्या कुलपाची किल्ली रस्त्यावर टांगण्यासारखेच, असे जुन्या उस्तादांना वाटले तर त्यांस दोष देता येत नाही. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यास अण्णासाहेब घारपुऱ्यांनी 'संगीतमीमांसक' काढले. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तेव्हा त्यांनी विद्यालयाबरोबर छापखानाही उभारला व पुढील काही वर्षांतच 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक सुरू केले. दूर पंजाबात बसून एक मराठी गवई स्वरलिपी जुळवून घेतो आहे, मुद्रिते तपासतो आहे, अंक टपालात टाकतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. १९३५ साली हाथरसच्या संगीत कार्यालयाने हिंदीत 'संगीत' काढले. आणि १९४७ च्या सुमारास गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' सुरू झाले; प्रा. बा. र. देवधर त्याचे संपादक.

मंडळाचे घर मिरज, आणि ते गाव या इतिहासात सहज आलेले नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर विद्येसाठी ग्वाल्हेरच्या दिशेने गेले, हाल सोसून ती मिळविली, आणि दक्षिणेत आणली. मिरजेस त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर शिकले. विष्णु दिगंबरांचे शिष्य देवधर, तेही मूळचे मिरजेचेच. जी गायकी उत्तरेकडून दक्षिणेस आणावयाला एका माणसाचे तारुण्य खर्ची पडले, ती आता महिन्याच्या महिन्याला टपालाने ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील वर्गणीदारांच्या घरी परत जाऊ लागली. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांना या मासिकांचे मोल अधिक वाटले ते यामुळे. पुण्या-मुंबईचा रसिक मैफलीस जाऊन बसू शके. दूरच्यास अंकाची वाट पाहावी लागे. पोर्तुगीज अमलाखालील गोमंतकात तर आमचे निम्मे गवई मुंबईस, आणि त्यांची वार्ता आम्हांस कळावयाची ती सुटीत आलेल्या नातेवाइकांकडून, नाही तर छापील कागदावरून.

देवधरांच्या लेखनाबद्दल जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण संगीताचे मासिक काय करू शकते याचा तो उत्तम दाखला आहे. देवधर स्वतः शिकलेले गवई, गिरगावात गायनशाळा चालविणारे शिक्षक, कुमार गंधर्वांचे गुरू. त्यांच्या शाळेत वेगवेगळ्या घराण्यांचे गुणीजन येऊन बसत. या माणसाजवळ दोन गुण एकत्र होते, जे सहसा एकत्र नसतात: ऐकण्याची हाव आणि लिहून ठेवण्याची शिस्त. खाँसाहेबांची चरित्रे लिहिताना ते पदव्यांची माळ ओवीत नाहीत. माणूस कसा बसे, काय खाई, कोणावर रागावे, तालीम देताना काय लपवी व काय देऊन टाकी, हे ते सांगतात. आणि एवढे सांगून झाल्यावर त्याचा आवाज कसा लागे हेही सांगतात. हे शेवटले सर्वांत कठीण. 'गोड आवाज', 'बुलंद आवाज' असली विशेषणे कोणीही वापरील. एका आवाजाचा दुसऱ्यापासूनचा भेद शब्दांत धरावयाचा, तर लिहिणाऱ्याचा कान गळ्याइतकाच तयार असावा लागतो. हे लेख पुढे 'थोर संगीतकार' या ग्रंथात एकत्र झाले. आज या गायकांविषयी जो कोणी चार ओळी लिहितो, तो या ग्रंथाचा ऋणी असतो, बहुधा नकळत.

हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांचेच पाहा. ग्वाल्हेरच्या गायकीचा हा वारस विमनस्क अवस्थेत भटकत असता सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांनी त्यास सांभाळले; सर्कशीच्या तंबूबरोबर त्याचे गाणे गावोगाव फिरले; आणि अखेर १९२२ मध्ये कुरुंदवाडास त्याचा अंत झाला. ही कथा कोणा दरबाराच्या दप्तरात सापडावयाची नव्हती. ती ज्यांनी पाहिली ते म्हातारे होत चालले होते. मासिकाला दर महिन्यास मजकूर हवा असतो. त्या तगाद्यापायी संपादक म्हाताऱ्यांच्या दारी जातो, आणि त्यातून असा इतिहास हाती लागतो. ग्रंथ लिहिणारा मनुष्य पुढल्या वर्षी लिहू म्हणतो. मासिकवाल्यास तशी सोय नाही.

या लेखनात दोषही आहेत, व ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सनावळीविषयी त्यात फार हेळसांड दिसते. उस्तादाने स्वतःविषयी सांगितलेली हकीकत पुष्कळदा तशीच उतरून घेतली जाते. त्याच प्रसंगाविषयी दुसऱ्या घराण्याचे म्हणणे काय आहे, हे विचारले जातेच असे नाही. आणि मृतांविषयी बोलताना लेखणी फारच मऊ होते. पण हे दोष आपणास दाखविता येतात, कारण मजकूर नावानिशी, छापील, आपल्यासमोर आहे. हवेत विरलेल्या गप्पेतील चूक कोण दाखविणार?

स्वरलिपीची पाने हा या मासिकांचा दुसरा भाग. आणि वर्गणीदारांपैकी निम्मे तरी त्याच्यासाठीच वर्गणी भरीत असावेत. आज संगणकावर बसणाऱ्या मुलांस कल्पना येणार नाही, पण खिळ्यांच्या छपाईत एक बंदिश जुळविणे म्हणजे जुळाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षाच. मंद्राचे टिंब स्वराखाली, ताराचे डोक्यावर, कोमलाची आडवी रेघ, मात्रेत दोन स्वर असल्यास खालून कंस, कणस्वर बारीक खिळ्यात वर चढविलेला, मींडेची कमान, शिवाय त्याखाली शब्द व त्याखाली तालाच्या खुणा. एक टिंब निखळले की तारषड्ज मध्यषड्ज होतो आणि बंदिशीचा चेहरा बदलतो. प्रस्तुत लेखकाने तरुणपणी अशाच एका पानावरून एक बंदिश बसविली व मोठ्या हौसेने आपल्या गुरुजींना ऐकविली. गुरुजी शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "छापखान्याकडून शिकलास होय?" टिंब निखळलेलेच होते. त्यांनी ती जागा दुरुस्त करून दिली, आणि मग बराच वेळ ती बंदिश आपण कोणाकडून कशी ऐकली ते सांगत बसले. ते पान नसते तर मी विचारलेच नसते, आणि त्यांनीही कदाचित ते सांगितले नसते. स्वरलिपीने गाणे शिकता येत नाही, ही तक्रार भातखंड्यांच्या काळापासून चालत आली आहे व ती खरीच आहे. परंतु स्वरलिपीमुळे प्रश्न विचारता येतो, ही दुसरी बाजू तक्रार करणाऱ्यांनी क्वचितच पाहिली.

तिसरा भाग वादांचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा. आपल्या संगीतात मतभेद मुळीच कमी नाहीत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमेंट्ससाहेबांच्या साह्याने बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली, आणि १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिची परीक्षा झाली. पेटीचे स्वर आणि गवयांच्या कंठातील स्वर यांचे जुळेना. तो वाद परिषदेत मिटला नाही; छापील कागदावर पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. आसावरीत ऋषभ शुद्ध की कोमल? ग्वाल्हेरकर शुद्ध गातात, कोमल ऋषभाची आसावरी गाणारे तिला मूळची म्हणतात, आणि शुद्ध ऋषभाची असेल तर तिच्यात व जौनपुरीत भेद तो कोणता, असा प्रश्न निघतो. असल्या प्रश्नाला मैफलीत उत्तर नसते. तिथे जो गातो तो खरा. मासिकात मात्र एकाने विधान करावे, दुसऱ्या गावच्या दुसऱ्याने ते वाचून आपल्या गुरूची चीज पुढे करावी, तिसऱ्याने जुना ग्रंथ काढावा, आणि पहिल्याने दोन महिन्यांनी आपले म्हणणे थोडे मागे घ्यावे, असे घडू शकते. या मधल्या दोन महिन्यांचे महत्त्व मोठे आहे. तेवढ्या अवधीत माणूस तंबोरा लावून पाहतो, जाणत्यास विचारतो, रागाचा भर ओसरतो. आज पाच मिनिटांत उत्तर देता येते, आणि म्हणून उत्तर बहुधा पाच मिनिटांच्या योग्यतेचेच असते.

समीक्षेचेही तसेच. केशवराव भोळ्यांनी 'एकलव्य' या नावाने नामांकित गायकांवर लेख लिहिले. नाव टोपण असले तरी त्याच्यामागे एक निश्चित कान होता, आणि अमुक गायकाची अमुक जागा मला का पटत नाही, हे सांगण्याचे धैर्य होते. (आमच्या वाचकांस हे सांगावयास नको की त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई मूळच्या बांदिवड्याच्या दुर्गा केळेकर.) पुढे १९६१ मध्ये वामनराव देशपांड्यांची 'घरंदाज गायकी' आली. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या या गृहस्थाने घराण्यांचा जो हिशेब मांडला, की किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि जयपूरने दोहोंचा तोल साधलेला, तो मान्य असो वा नसो, त्याच्यावर वाद करता आला. कारण वाद करणारा वाचक तयार होता. तो एका रात्रीत तयार झाला नव्हता. 'तान', 'आलाप', 'लयकारी' हे शब्द अर्थासह वापरणारा तो वाचक वीस-तीस वर्षांच्या अंकांनी घडविला होता.

एवढे गुणगान केल्यावर हेही सांगितले पाहिजे, की आमच्या फळीवरचे सर्वच खंड सोन्याचे नाहीत. कित्येक अंक उघडावेत तर परीक्षांचे निकाल, कोणा वर्गाच्या वार्षिक समारंभाचा वृत्तांत, पाहुण्यांच्या भाषणाचा सारांश आणि एखाद्या गुरूची त्याच्याच शिष्याने केलेली आरती. सारंगी, तबला वाजविणाऱ्या साथीदारांचा उल्लेख शेवटल्या ओळीत, तोही पुष्कळदा आडनावाशिवाय. देवळांतील संगीताविषयी तर जवळजवळ मौनच. मखरापुढचे कीर्तन, पालखीची पदे, घुमट-शामेळ-कासाळ्यांची सुवारी, यांना जणू संगीतात जागाच नाही. ख्याल गाणाऱ्या पंडितांनी संगीताची व्याख्या केली आणि मासिकांनी ती निमूटपणे छापली. हा दोष लहान नव्हे. शाळा आणि मंडळे यांच्या आधाराने जगणाऱ्या मासिकास शाळेच्या भिंतींपलीकडचे दिसले नाही, असेच म्हणावे लागते.

आणि त्यांच्या ऱ्हासाचे बीजही तिथेच होते. वर्गणीदार दोन प्रकारचे: रसिक आणि परीक्षार्थी. परीक्षार्थी संख्येने मोठा. प्रवेशिका, मध्यमा, विशारद यांच्यासाठी लागणाऱ्या बंदिशी व रागांची माहिती अंकांतून मिळत असे तोवर तो टिकला. तयार मार्गदर्शिका बाजारात आल्या तेव्हा त्याने अंक सोडला. रसिकास आधी आकाशवाणीने, मग १९८० नंतर स्वस्त ध्वनिफितींनी, आणि शेवटी हातातल्या यंत्राने ऐकण्याची एवढी सोय करून दिली, की वाचण्याची गरज त्यास वाटेनाशी झाली. कागद महागला, टपाल महागले. जाहिराती द्यावयाच्या कोणी? तंबोरे, पेट्या करणाऱ्या कारागिराकडे जाहिरातीस पैसा नसतो. साहित्यिक मासिकांत संगीताला जी हक्काची पाने असत तीही गेली. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले आणि गंभीर लेखनाचा एक मोठा दरवाजा मिटला. हाथरस आणि मिरज या दोन ठिकाणांनी टिकाव धरला हे त्यांच्या चिकाटीचे फळ आहे, परंतु पूर्वीसारखी त्या अंकांची घरोघर वाट पाहिली जाते, असे कोणी म्हणणार नाही.

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. विलायतेत १९२६ साली निघालेले 'मेलडी मेकर' २००० मध्ये दुसऱ्यात विलीन झाले; ज्यात विलीन झाले ते १९५२ पासूनचे साप्ताहिकही आधी फुकट वाटले जाऊ लागले व २०१८ मध्ये छापावयाचे थांबले. १९८६ चे 'क्यू' २०२० मध्ये संपले. तिथे लाखांनी खप असलेली पत्रे बुडाली, मग आपल्या चिमुकल्या मासिकांची काय कथा, असा युक्तिवाद कोणी करील. मला तो पटत नाही. ती पत्रे जाहिरातीवर पोसली होती, जाहिरात गेली तशी ती गेली. आपली मासिके जाहिरातीवर कधीच जगली नाहीत; ती मोजक्या माणसांच्या निष्ठेवर जगली. मद्रासकडे पाहावे. तिथल्या म्युझिक अकादमीचे जर्नल १९३० पासूनचे. १९८३ मध्ये तिथे 'श्रुति' हे स्वतंत्र मासिक निघाले, आणि ते काढणाऱ्यांनी कलावंतांची नुसती स्तुती केली नाही. ज्या गावात सभा आणि देवळे हंगामभर गाणे करवितात, त्या गावात गाण्यावर लिहिणे हाही त्या सेवेचाच भाग मानला गेला. गाणे करविणारी देवळे आपल्याकडे नाहीत काय?

हा प्रश्न विचारला की बोट आपल्याकडेच वळते. वाचनालय हलविताना देवस्थानच्या जुन्या कीर्दीही पाहावयास मिळाल्या. जत्रेच्या खर्चात तेल, नारळ, फुले, गॅसबत्त्या यांच्या नोंदी अत्यंत काटेकोर. गाण्याच्या सेवेपुढे मात्र वर्षानुवर्षे एकच शब्द: 'गाणार', आणि पुढे रक्कम. कोण गाणार? नाव नाही. त्या ओळींमागे ज्या स्त्रिया होत्या, त्यांच्यापैकी कित्येकींच्या गळ्यात पिढ्यांची विद्या होती. त्यांनी देवापुढे गावे ही आपली अपेक्षा, आणि वहीत त्यांचे नाव असू नये ही आपली रीत. गोमंतकातील या कलावंत घराण्यांनी हिंदुस्थानी संगीतास जे दिले त्याचा उच्चार आज आपण अभिमानाने करतो. तो अभिमान आपणास करता येतो, कारण आपल्या वह्यांनी गाळलेली नावे दुसऱ्या कोणीतरी छापली. छापणाऱ्याने 'गाणार' असे लिहून भागत नसे. त्याला नाव, गाव, गुरू हे सर्व लिहावे लागे, आणि नावापुढे 'बाई' हा आदराचा शब्द लावावा लागे. गोपाळकृष्ण भोब्यांसारख्या आमच्याच माणसाने 'कलात्म गोमंतक' लिहून या ऋणाची थोडीफार फेड केली.

मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावलीच्या धरणात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, गावकरी तेवढ्यापुरते आपल्या घरांच्या चौथऱ्यांवर उभे राहतात. मोगूबाईंविषयी आपणास जे ठाऊक आहे, की लहानपणी आईने त्यांना नाटकमंडळीत घातले, आई गेली, सांगलीत अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचा स्वर ऐकला, ते त्या चौथऱ्यांवर कुठे लिहिलेले नाही. खाप्रूमामा पर्वतकरांचे तर त्याहून बिकट. हातांनी एक ताल, पायांनी दुसरा, मुखाने तिसराच, असा लयीचा चमत्कार करणारा हा पुरुष. त्याची करामत स्वरलिपीत मावत नाही, आणि कानाने ऐकून निम्मीच कळते. ती समोर बसून पाहणाऱ्याने मात्रांचा हिशेब देऊन वर्णन केली, तरच पुढच्यास कळणार. असे वर्णन करू शकणारा श्रोता ही मासिकांची निर्मिती होती. आज सप्ताहात, जत्रेत, नवरात्रात बैठका होतात, उत्तम होतात. ध्वनिक्षेपक, मंडप, रोषणाई यांवर पूर्वीच्या कितीतरी पट खर्च होतो. आणि एक गुळगुळीत कागदाची स्मरणिका निघते. तिच्यात शुभेच्छा असतात, देणगीदारांची छायाचित्रे असतात, समितीची छायाचित्रे असतात. कोण काय गायले, कोणता राग, कोणती चीज, साथीस कोण, याची ओळही नसते. म्हणजे कीर्दीतला 'गाणार' हा शब्द रंगीत कागदावर आला, एवढीच सुधारणा. सर्व काही मोबाइलवर चित्रित झाले आहे असे सांगण्यात येते. खरे आहे. गेल्या नवरात्रातील एका बैठकीचे असे चित्रण मी मागविले. ते ज्याच्या यंत्रात होते त्याने यंत्र बदलले होते.

खंड रद्दीत गेले नाहीत. सात खंड पुन्हा बांधवून घेतले. दोन इतके गेलेले आहेत की उघडता येत नाहीत. त्या तबलजी मुलाने एक खंड घरी नेला तो अद्याप परत केलेला नाही, आणि मीही मागितलेला नाही. मुखपृष्ठ नसलेल्या एका खंडात आसावरीच्या ऋषभावरील एक पत्रव्यवहार सुरू होतो. पहिले पत्र जोरदार आहे, दुसरे त्याहून अभ्यासाचे, तिसऱ्यात एका जुन्या अस्ताईचे स्वरलेखन देऊन 'अंतरा पुढील अंकी' असे म्हटले आहे. पुढील अंक बांधणीत नाही. मासिक कोणते हे पानांवर छापलेले नाही आणि वर्षाचा आकडा कसरीने खाल्ला आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अथवा बेळगाव येथील कोणा वाचकाच्या घरी जुने खंड असतील, व त्यांत हा पत्रव्यवहार आढळेल, तर त्यांनी तेवढ्या अंतऱ्याचे पान उतरवून या मासिकाच्या पत्त्यावर धाडावे.